औंदाचा नीलकंठ

दसऱ्याच्या सकाळी आमच्या लाइनीत सगळ्यात आधी यायचा तो नीलकंठवाला. दूधवाल्याच्याही आधी. सेक्टर सहामधल्या क्वार्टरांची ती लांबलचक रांग, मेंदीच्या कुंपणांवर रात्रभर बसलेला पोलादाच्या प्लांटचा तांबूस धुरळा, त्यावर दव, आणि धुक्यातून येणारी त्याची हाक, "नीलकंठ देख लो... नीलकंठ के दरसन कर लो..." अजूनही कधी अर्धवट झोपेत मला ती ऐकू येते. मग मी कुठल्या गावात आहे, कुठल्या वयात आहे, हे जरा वेळ कळत नाही.

त्याच्या हातात बांबूचा पिंजरा असायचा, पिंजऱ्यावर ओलं फडकं. फडकं बाजूला केलं की आत खांद्यात मान घालून बसलेला एक तपकिरी पक्षी. कंठ म्हणावा तर तोही निळा नाही, मळकट जांभळा. पण बाबांना त्याचं काही नव्हतं. ते आंघोळ करून, धुतलेलं बनियन घालून दारात उभेच असायचे. हात जोडायचे, खाली वाकून पक्ष्याच्या डोळ्यांत बघायचे, ओठातल्या ओठात काही पुटपुटायचे. मग त्या माणसाच्या हातावर काही जास्तीचं ठेवून म्हणायचे, "छोड़ दो इसको." तो पिंजरा उघडायचा, पक्षी कुंपणावर ठेवायचा, पक्षी धडपडत पलीकडच्या झुडपात दिसेनासा व्हायचा. बाबा खुशीत आत येऊन म्हणायचे, "चला, साल चांगलं जाते आता."

हा रिवाज मुळात आमचा नव्हे. आईबाबा भंडाऱ्याकडचे. त्यांच्या खेड्यात दसरा म्हणजे आपट्याची पानं, बैलांच्या शिंगांना तेल आणि शिलंगणाहून आल्यावर मोठ्यांच्या पाया पडणं. नीलकंठाचं दर्शन आम्ही भिलाईत उचललं, डाव्या हाताच्या उत्तर प्रदेशी शेजाऱ्यांकडून. भिलाईत असं सारखं चालायचं. कुणाचं लोणचं कुणाच्या बरणीत, कुणाचं व्रत कुणाच्या देव्हाऱ्यात. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या," असं आई चिडवायची, पण दर्शनाला बाबांच्या मागे तीही पदर सावरून उभी असायची.

मी सांगते आहे ती बाबांच्या शेवटच्या डोळस दसऱ्याची गोष्ट. त्या पावसाळ्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येत नाही, उरलंय तेही जाईल, हा हिवाळा निघाला तर नशीब, असं त्यांनी बाबांच्या देखत सरळ सांगून टाकलं. बाबांनी उभी उमर ओव्हरहेड क्रेन चालवली होती. शेडच्या छपराखाली टांगलेल्या केबिनमध्ये बसून खाली बघायचं, हेच त्यांचं काम. डोळ्यांमुळे त्यांना खाली उतरवून स्टोअरमध्ये हलकं काम दिलं होतं आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर बाबा पाटावर बसले. जेवताना म्हणाले, "बाकी सारं पाहून झालं. औंदाचा नीलकंठ तेवढा पाहाले भेटला पाहिजे, बस."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. कारण आमच्या सेक्टरातून नीलकंठवाल्यांना हुसकून लावण्याच्या कामात त्यांची एकुलती एक लेक, म्हणजे मी, सगळ्यात पुढे होते.

त्याचं असं झालं होतं. मी टाउनशिपच्या शाळेत भूगोल शिकवायचे. वन्यप्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका देशभरच्या संस्थेची शाखा भिलाईत निघाली आणि क्लबमधल्या पहिल्या सभेला शाळेतर्फे कुणीतरी जायला हवं होतं. ज्या बाईंना घरी सासू नाही आणि लेकरूही नाही त्यांनी जावं, असं बड्या बाईंनी ठरवलं. मी नाकावर राग घेऊन गेले. तिथे भिंतीवर पलंगाची चादर लावून स्लाइड दाखवत होते. पंख्याच्या वाऱ्यानं चादर हलायची आणि तिच्यावरचा हरणांचा कळप पाण्याखालून चालल्यासारखा दिसायचा. बाहेर भट्टीतून ओतलेल्या तप्त स्लॅगचा उजेड आकाशभर पसरला होता, खिडकीतून तो लाल रंग हरणांच्या पाठीवर पडत होता. घरी परतताना सायकल कुठल्या रस्त्यानं आणली ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मी सभासद झाले.

संस्थेचं नाव वाघांसाठी गाजलेलं. आमच्या भिलाईत वाघ होते ते बागेतल्या पिंजऱ्यात, त्यांना वाचवण्याची काही सोय नव्हती. म्हणून आमच्या शाखेनं जवळ होतं ते काम धरलं. थंडीत तलावावर उतरणारी बदकं, पावसाळ्यात क्वार्टरात शिरणारे साप, आणि दसऱ्याचे नीलकंठ. शाखेचे सचिव रोलिंग मिलमधले एक मोठे साहेब होते. खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण आणि आवाज असा, की पाखरांनीसुद्धा शिफ्टला वेळेवर हजर व्हावं. आम्ही त्यांना मागून हसायचो. पण मोटरगाडी बाहेर उन्हात ठेवून त्यांनी आपली शेड जखमी पक्ष्यांना दिली होती, हे मला मान्य करायलाच हवं.

त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा नीलकंठ हातात घेतला. पकडणारे लोक त्याच्या पंखांना वडाचा चीक फासायचे. पंख अंगाला घट्ट चिकटून बसायचे, मग पक्षी फडफडतही नाही आणि पळतही नाही. आम्ही बोटानं गोडेतेल चोळून तो चीक सोडवायचो, मग रिठ्याच्या पाण्यानं एकेक पीस धुवायचो. संध्याकाळभर ते चालायचं. कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. तेलाचा आणि ओल्या पिसांचा वास, कौलांच्या फटीतून येणारा धुरकट उजेड, आणि तळहातावर त्या जिवाची धडधड. कधीकधी वाटायचं, हे आपलंच काळीज कुणीतरी हातात आणून दिलंय आणि म्हणतंय, धू जरा.

त्यांना खायला नाकतोडे लागायचे. शाळा सुटल्यावर मी मैदानावर वाकून वाकून नाकतोडे धरायचे आणि डब्यात भरून घरी आणायचे. एकदा आईनं चिवडा समजून तो डबा उघडला. त्यानंतर स्वयंपाकघरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. ज्यांची पिसं तुटलेली असत त्यांना नवी येईपर्यंत ठेवावं लागायचं आणि तोवर बरेच मरून जायचे. मी आधी रडायचे, मग चिडायचे. माझं चिडणं जास्त वेळ टिकायचं.

सोडून देण्याची गंमतही मी तेव्हाच पाहिली. दसऱ्याला आम्ही जोडीजोडीनं नाक्यांवर उभं राहून लोकांना समजावायचो. माझी जागा एकदा मागच्या गल्लीत होती. पुढच्या दारी कुणी पुण्यवान माणूस पक्षी सोडवून घ्यायचा. चिकटलेल्या पंखांनी तो खुरडत कुंपणातून मागे यायचा. नीलकंठवाला सावकाश वळसा घालून यायचा, पडलेलं वांगं उचलावं तसा त्याला उचलायचा, फडक्यानं पुसायचा आणि पुढच्या लाइनीत जायचा. तिथेही कुणीतरी त्याला सोडवायला उभं असायचंच.

मी तणतणत घरी येऊन हे बाबांना सांगितलं. बाबा शांतपणे म्हणाले, "असन. पर माह्यासमोर तं गेला नं तो."

"गेला नाही बाबा, सरपटला. त्याचे पंख चिकटवून असते."

"तुमचे पोस्टरवाले काहीबी सांगते," म्हणून त्यांनी विषय मिटवला. आमचं पोस्टरही तसंच होतं म्हणा. काळ्या शाईत छापलेला, फांदीवर बसलेला एक पक्षी, आणि खाली भला मोठा उपदेश. त्याच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

आता हे सगळं माझ्या गळ्यात आलं. आमच्या कामाला यश येऊ लागलं होतं. आदल्या वर्षी आमच्या लाइनीत नीलकंठवाला फिरकलाच नव्हता आणि बाबांचा दसरा कोरडा गेला होता. दर्शनाची हौस मारू नये म्हणून शाखेनं नवी टूम काढली होती. दसऱ्याला भल्या सकाळी लोकांना गोळा करून अहिवारा गावाच्या रस्त्याला धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, न्यायचं आणि तारांवर बसलेले मोकळे नीलकंठ दाखवायचे. नाहीतरी दसऱ्याला सीमा ओलांडायचीच असते. कल्पना सुंदर होती. पण तारेवरचा पक्षी लांबचा. आणि बाबांच्या नजरेला आता फक्त मधोमध एक भोक उरलं होतं. "पाइपातून पाहून राहिलो," असं ते म्हणायचे. ताट दिसलं तर वाटी दिसायची नाही. दाराशी आणलेला पक्षी त्यांना नक्की दिसला असता. मोकळा दिसेल, असं मला कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं.

त्या दिवसांत मी फार भांडले. सचिवांशी, आईशी, जास्त करून स्वतःशी. एक पिंजरा, एकदाच, बाबांपुरता, असं मन म्हणायचं. मग शेडमधल्या कुठल्यातरी पक्ष्याचं पीस माझ्या बोटाला चिकटून यायचं आणि मी पुन्हा गप्प व्हायचे.

आईला असले पेच पडत नव्हते. खंडेनवमीच्या दुपारी शाळा लवकर सुटली, मी घरी आले तर मागच्या अंगणात नीलकंठवाला उकिडवा बसलेला, पुढे पिंजरा, पिंजऱ्यावर फडकं. दसऱ्याच्या सकाळी आमचे लोक नाक्यावर असतात, म्हणून आदल्या दुपारीच पक्षी घरात आणून ठेवायचा, असा आईचा बेत. तिनं मला पाहिलं, पण डोळे चुकवले नाहीत.

"माह्याच घरात?" मी म्हणाले. "आई, उद्या मी लोकाले कोणत्या तोंडानं सांगू?"

"तुह्या संस्थेचं तू पाय," आई म्हणाली. "मले माह्या माणसाचं पाहा लागते. त्याचे डोळे चालले. तुहे पाखरं पुढच्या सालीबी राहातीन."

 खरंच होतं ते. मी नीलकंठवाल्यावर घसरले. हा गुन्हा आहे, वनखात्याला बोलावते, वगैरे वगैरे. तो बिचारा कधी आईकडे, कधी माझ्याकडे बघत राहिला. एवढ्यात भिंत चाचपडत बाबा बाहेर आले.

"कोण आहे? नीलकंठवाला का? दे इकडे. हातात दे."

त्यानं फडकं काढून पक्षी बाबांच्या हातात दिला. बाबा ओट्यावर बसले आणि पक्षी डोळ्यांजवळ घेऊन त्या भोकातून त्याच्याकडे बघत राहिले. चोच, डोळा, कपाळ, एकेक करून. दर्शन ते नव्हतं, दर्शन दसऱ्याचंच खरं. ते नुसते बघत होते. मग नजर थकली असावी, कारण त्यांनी डोळे मिटले आणि बोटांनी बघायला सुरुवात केली. हे त्यांचं नवीन होतं. आताशा ते शर्टची बटणं, पोळीची कड, माझा चेहरा, सगळं बोटांनी बघायचे. बोट पाठीवरून पंखावर गेलं. तिथे थांबलं. त्यांनी पंख जरा उचलून बघितला. ओल्यानं पापडाला पापड चिकटावा तसा तो अंगाला चिकटला होता. पुन्हा उचलला, तर एक पीस सुटून त्यांच्या बोटाला लागून आलं. पक्ष्यानं आवाजसुद्धा केला नाही.

"ये क्या लगाया है?" बाबांनी विचारलं.

"लासा लगाय हंव बाबू," तो म्हणाला. "नइ त फड़फड़ा के मर जाही."

"हर साल लगाते थे?"

"हर साल, बाबू."

 प्लांटचा भोंगा झाला, लाइनीतून दुपारच्या शिफ्टच्या सायकली घंट्या वाजवत गेल्या. बाबा ते पीस दोन बोटांत धरून बसले होते. त्या माणसावर ते रागावले नाहीत. "तुह्या दवाखान्यात ने याले," ते मला म्हणाले, आणि आईला, "त्याले चहा दे." मग पुन्हा मला, "उद्या तुमचे लोकं कुठं जाऊन राहिले?"

आईला रडू फुटलं. "तितं दूरचं तुमाले दिसन का बाप्पा? हे घरी आलेलं काहून लाथाडता?"

"नाही दिसला तं नाही दिसला," बाबा म्हणाले. "असा नाही पाहात मी त्याले."

दसऱ्याला पहाटे मी त्यांना लूनावर मागे बसवून निघाले. धुतलेला शर्ट, कपाळाला कुंकू. आई फाटकापर्यंत आली. पुढे सचिवांची स्कूटर, मागे सायकली, काही बायका, झोपाळू पोरं, दोन म्हातारे शेजारी. टाउनशिपचे दिवे मागे राहिले आणि आम्ही धुक्यात शिरलो. रस्ता असा नव्हताच, नुसतं पांढरं काहीतरी होतं आणि आम्ही त्यावरून तरंगत चाललो होतो. कुठून तरी ओल्या धानाचा वास यायचा. चुनखडीची मालगाडी शेजारून गेली, तिचे डबे दिसलेच नाहीत, फक्त आवाज आमच्याबरोबर थोडा चालला आणि मागे पडला. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता. मला वाटलं, आपण असंच जात राहावं, कुठे पोचूच नये. पोचलं की दिसणं किंवा न दिसणं, यातलं एक होणार होतं.

सूर्य वर आला तसं धुकं बांध्यांत खाली बसलं आणि वर तारा मोकळ्या झाल्या. रुळांच्या कडेनं जाणाऱ्या त्या तारांवर नीलकंठ बसले होते. लांब लांब अंतरानं, एकेकटे, कुणाची वाट बघत असल्यासारखे. लोक हरखले. "वो देखो!" "अगं बाई, तो बघ, दुसरा!" बायकांनी तिथेच हात जोडले. सचिवांनी टोपी काढून छातीशी धरली. मी त्यांना कधी इतकं गप्प पाहिलं नव्हतं.

बाबा आकाशाकडे तोंड करून उभे होते. त्यांची मान हळूहळू इकडून तिकडे फिरत होती. आकाश केवढं आणि त्यांचं भोक केवढं! कुणी म्हणालं, "काका, उस खंभे के पास." कुणी त्यांचा हात धरून बोट रोखून दिलं. सचिवांनी आपली दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावली, तर होतं तेही दिसेनासं झालं. सगळे भले लोक, पण त्यांच्या मदतीनं बाबा घामाघूम झाले. शेवटी ते म्हणाले, "तुमी जा समोर. आमी बसतो जराकसं." लोक पुढे गेले. आम्ही दोघं नाल्यावरच्या बुटक्या पुलियावर बसलो.

समोरच्या तारेवर एक नीलकंठ अजून होता. मला तो इतका स्वच्छ दिसत होता की लाज वाटावी. "बाबा, तिसरा खंबा..." मी सुरू केलं.

"अशी बोटं दाखवून मले काय समजते!" ते एकदम ओरडले. त्यांचा राग मला वारशात आलाय, त्यामुळे तो मी ओळखते. तो रागाचा राग नव्हता, भीतीचा होता. मग त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "क्रेनवर मले खालून सांगत, तसं सांग. मानूस खाली, मी वर. मले माल दिसे नाही कधी कधी. तो बोले अन् मी हूक नेत जाओ."

आणि तिथेच, त्या पुलियावर, त्यांनी मला खलाशांची, म्हणजे क्रेनखाली माल बांधणाऱ्यांची, बोली शिकवली. वर घ्यायचं तर हाबिस. खाली सोडायचं तर आरिया. थांबायचं तर बस. उजव्याडाव्याला केबिनमध्ये काही अर्थ नसतो, म्हणून बाजूंना नावं द्यायची. आम्ही दिली, एक अहिवारा, दुसरी प्लांट. "अन् घाई नाही करायची," ते म्हणाले. "हूक झुलते घाई केली तं."

मी त्यांच्या मागे उभी राहिले, माझी हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकवली आणि त्यांची मान बघत बोलू लागले. "हाबिस बाबा. हाबिस. बस. तार दिसते?"

"नाही."

"जरा आरिया. अजून. बस."

"तार आहे," ते कुजबुजले. "आली."

"आता तारेवरूनच प्लांटकडे चला. चला. चला. खंबा येईन."

"खंबा आला."

"तो सोडून पुढं. हळू. हळू, बाबा."

त्यांची मान मुंगीच्या चालीनं सरकत होती. मी श्वास धरून होते. नको उडूस, मी त्या पक्ष्याला मनातल्या मनात म्हणत होते, आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या मोकळ्या पाखराला नको उडूस म्हणत होते.

"बस!"

ते थांबले. बराच वेळ नुसते थांबून राहिले. मग त्यांचे हात आपोआप जुळले. "दिसून राहिला," ते म्हणाले. "बसून आहे. तसाच आहे, मातीच्या रंगाचा." आवाजात समाधान होतं, दर वर्षीचं, दारातलं. माझे डोळे भरून आले. मिळालं, मला वाटलं, त्यांना जे हवं होतं ते मिळालं.

तेवढ्यात धानात काहीतरी हललं असेल. नीलकंठानं तार सोडली आणि पंख उघडले. नीलकंठ बसलेला असतो तेव्हा तो निळा आहे हे कुणाला खरं वाटणार नाही. सगळा निळा रंग पंखांत घडी घालून ठेवलेला असतो. एक गडद, एक फिका, असे पट्टे त्या कोवळ्या उन्हात उलगडले आणि तो आमच्या समोरून, अगदी बाबांच्या नजरेच्या रेषेत, तिरका खाली आला, धानावरून गेला आणि धुक्यात बुडाला.

बाबा उभे राहिले. हात जोडलेले तसेच.

"चास!" ते म्हणाले. "अवं, हा तं चास होय!"

मला काही कळेना. हा शब्द मी घरात कधी ऐकला नव्हता.

"आपल्या वावरातला चास. मी पोट्टा होतो तवा नांगराच्या मागं मागं राहे. माहा बाप नांगर धरे अन् हा नांगरल्या तासात उतरून किडे खाये, अन् उडाला का असा निळा, असा निळा... बाप म्हने, पाय, आपला सोबती आला." ते हसत होते आणि गालावरून पाणी ओघळत होतं. "दुरूनच पायला त्याले. जवळ कधी येऊ दे नाही तो. नीलकंठ म्हनजे हाच होय का वं? दाराशी येत होता, तो हाच?"

 इतकी वर्षं मी याच माणसाशी भांडले होते, पोस्टरं वाचून दाखवली होती. त्यांनी एकाला फक्त लांबून पाहिलं होतं, उडताना. दुसऱ्याला फक्त जवळून, पिंजऱ्यात. दोन्ही एकच, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

"हाच, बाबा," मी म्हणाले.

ते पुन्हा पुलियावर बसले. पक्षी गेला तिकडे तोंड करून, जिथे आता धुक्याशिवाय काही नव्हतं.

"दर साली माह्या दाराशी आला," ते म्हणाले. "इतक्या जवळ. मी त्याच्या डोळ्यात पाये. मंग त्यानं मले वळख काहून नाही देली?"

  काल ज्या बोटांना तो चीक लागला होता ती बोटं ते आपल्या पॅन्टवर पुसत होते, पुन्हा पुन्हा, लोक परत येईपर्यंत.